रायफल रिकामी तोलू नका : बॅटल रायफलीचे निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पायदळाच्या रायफलींच्या गरजांचा मसुदा लिहिणाऱ्या समित्या, चाचणी केंद्रे आणि उत्पादक कंपन्यांचे डिझाइन विभाग, यांस

स. न. वि. वि.

पूर्ण ताकदीचे काडतूस आणि ते झाडणारी ‘बॅटल रायफल’ परत आली आहे. बहुतेक सैन्यांनी 5.56 मिमीचे हलके काडतूस स्वीकारले तेव्हा 7.62×51 मिमीची रायफल आता शस्त्रागाराच्या मागच्या रॅकवर जाणार, असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. तसे झाले नाही. एचके-417, स्कार-एच, सिग-716 अशा रायफली एकेक करून दाखल झाल्या आणि एप्रिल 2022 मध्ये अमेरिकी लष्कराने तर 6.8×51 मिमीचे, त्याहून जास्त दाबाचे काडतूस आणि त्यासाठीची रायफल निवडली. हा निर्णय चूक की बरोबर, यावर आमचे भांडण नाही. लांबचा पल्ला आणि भेदनशक्ती हवी असेल, तर तिची किंमत मोजावी लागते, हे आम्हाला कळते.

आमचा आक्षेप तुमच्या कागदावर आहे. ज्या कागदावरून रायफल निवडली जाते, त्यात वजन, अचूकता, नळीची लांबी आणि भरवसा हे चार आकडे ठळक असतात. हे चारही आकडे आज अशा पद्धतीने मोजले जातात की वापरणाऱ्याला त्यांतून सर्वांत कमी कळावे. आम्ही या रायफली उघडून साफ करणारे, गेज लावून तपासणारे, झिरो करून देणारे (म्हणजे नेम आणि गोळीचा मारा जुळवून देणारे) आणि रेंजवर शिकवणारे लोक आहोत. आकडा फसवा निघाला की त्याचा हिशेब आमच्या टेबलावर आणि जवानाच्या खांद्यावर येतो. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघडे.

सुरुवात वजनापासून. तुमच्या मसुद्यात ‘4 किलोपेक्षा कमी’ असे लिहिलेले असते. ते वजन मॅगझिनशिवाय, दुर्बिणीशिवाय, सप्रेसरशिवाय (आवाज दाबणाऱ्या नळीशिवाय), पट्ट्याशिवायचे. अशा अवस्थेत ती रायफल कोणी कधी वापरत नाही. 20 काडतुसांचे धातूचे मॅगझिन भरले की सुमारे 700 ग्रॅम. माउंटसह दुर्बीण तितकीच. सप्रेसर अर्धा किलो, पट्टा दीडशे ग्रॅम. झाली 6 किलो. अमेरिकेच्या नव्या एम-7 चे जाहीर आकडे पाहा : सप्रेसरशिवाय 3.8 किलो, सप्रेसरसह 4.46 किलो. दुर्बीण आणि भरलेले मॅगझिन अजून बाहेरच आहे. आणि सप्रेसरचा अर्धा किलो नळीच्या टोकाला लोंबतो. पोटाशी असलेले 500 ग्रॅम आणि टोकावरचे 500 ग्रॅम यांतला फरक तराजूला कळत नाही, उभ्याने नेम धरणाऱ्या हाताला दहाव्या सेकंदाला कळतो. तोलाचा मध्य चेंबरच्या (नळीच्या काडतूस बसते त्या मागच्या भागाच्या) किती पुढे आहे, हा आकडा आम्ही एकाही मसुद्यात पाहिलेला नाही.

दारूगोळ्याचे वजन तर रायफलीच्या हिशेबात धरलेच जात नाही. 7.62 चे साधे, नेहमीच्या वापराचे ‘बॉल’ काडतूस सुमारे 24 ग्रॅम, 5.56 चे सुमारे 12. सात मॅगझिन घेतली तर 7.62 च्या 140 गोळ्या मॅगझिनसह पाच किलोंवर जातात. 5.56 च्या 210 गोळ्या सात मॅगझिनांत साडेतीन किलोंत बसतात. म्हणजे दीड किलो जास्त उचलून सत्तर गोळ्या कमी. हा सौदा मान्य करायचा तर करा, पण तो निविदेच्या पहिल्या पानावर दिसू द्या.

आता याच्या उलट बाजूचा मोह, रायफल हलकी करण्याचा. इथे साधे गणित विसरले जाते. 9.5 ग्रॅमची गोळी सुमारे 838 मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते, मागोमाग सुमारे 3 ग्रॅम दारूचा वायू त्याहून वेगाने बाहेर पडतो. दोघांचा मिळून जो संवेग होतो, तोच उलटा रायफलीला मिळतो. तो ठरलेला आहे, डिझाइनरच्या हातात नाही. त्यामुळे धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. साडेचार किलोच्या रायफलीला ती साधारण 15 जूल येते, 3.6 किलोच्या रायफलीला साधारण 19. तुलनेला, 5.56 च्या साडेतीन किलोच्या रायफलीत ती 5 जूलच्या आसपास असते. याच कारणाने या जातीच्या रायफलीत स्वयंचलित मारा कधी जमला नाही. ब्रिटिशांनी आपली एल-1-ए-1 (फाल रायफलीची ब्रिटिश आवृत्ती) मुळातच सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे ट्रिगरच्या दर ओढीला एकच गोळी सोडणारी, ठेवली, आणि अमेरिकेच्या एम-14 पैकी बऱ्याच रायफलींचे सिलेक्टर (माऱ्याचा प्रकार बदलणारी कळ) कुलूपबंद करूनच वाटले गेले. सेमी-ऑटोमध्येही प्रश्न उरतोच : पहिल्या गोळीनंतर दुर्बिणीतले लक्ष्य पुन्हा जागेवर यायला किती वेळ लागतो? यावर मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, वायू बाजूला वळवणारा भाग) लावणे हा आवडता उपाय आहे. ब्रेकने खांदा वाचतो, पण स्फोटाचा दाब बाजूला फेकला जातो आणि शेजारी पडलेल्या जोडीदाराच्या कानात जातो. म्हणून दोन गोष्टी मोजा : दुसऱ्या अचूक गोळीपर्यंतचा वेळ, आणि शेजाऱ्याच्या कानाजवळचा आवाज.

यापुढचा मुद्दा लांबेल, कारण आमच्या टेबलावरचे निम्मे काम त्यातूनच येते. तो म्हणजे गॅस.

गोळी गॅस पोर्टच्या, म्हणजे नळीतल्या छिद्राच्या, पुढे गेली की नळीतला वायू पिस्टनकडे वळतो आणि पिस्टन बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंतच त्या वायूला खरा जोर असतो, बाहेर पडली की दाब कोसळतो. या छोट्या खिडकीत किती वायू, किती दाबाने आला, यावर बोल्टचा वेग ठरतो. वायू कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही : पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) बाहेर फेकली जात नाही, बाहेर पडण्याच्या दरवाजात उभी अडकते, किंवा शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा थांबत नाही. वायू जास्त झाला तर बोल्ट वेळेआधी उघडतो. तेव्हा पितळी पुंगळी अजून दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर खेचणारा हूक, तिची कड ओढतो, आणि मग एकतर कड फाटते किंवा एक्स्ट्रॅक्टर घसरतो. पुंगळी आतच राहते आणि मागून नवी गोळी तिच्यावर आदळते. रणांगणात हाताने सर्वांत उशिरा सुटणारा अडथळा हाच. शिवाय बोल्ट इतक्या वेगाने परततो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर आणायला वेळ मिळत नाही, बोल्ट काडतुसाच्या मधोमध जाऊन टेकतो. नवखा आर्मरर (रायफली तपासून दुरुस्त करणारा) अशा वेळी मॅगझिनला दोष देतो. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) पितळ खरवडलेला डाग दिसला, तर मॅगझिन बदलण्याआधी गॅस पाहावा.

डिझाइनरांना हे सगळे ठाऊक आहे. तरीही नव्या रायफलींचे पोर्ट मोठे निघतात, कारण चाचणीत थंडी असते, धूळ असते, कमजोर काडतूस असते, आणि त्या सगळ्यांत रायफल चालली पाहिजे. मोठे पोर्ट ही पास होण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. नव्याचे नऊ दिवस ती छान चालते. पुढे बोल्टच्या लग्जना (बोल्ट अडकवून ठेवणाऱ्या दात्यांना) चिरा, एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मऊ, बफर स्प्रिंग आखूड, आणि खांद्यावर विनाकारण वाढलेला धक्का. त्यात 406 मिमीची आखूड नळी आणि सप्रेसर आले की गणित आणखी बिघडते. सप्रेसर नळीतला दाब उशिरा उतरू देतो, म्हणून तीच रायफल सप्रेसर लावताच जास्त गॅस घेते. उरलेला वायू काजळीसह चेंबरमधून मागे येतो आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत, नाकात जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, शिशाचे आणि तांब्याचे कण असतात. रेंजवर दिवसाला शेकडो गोळ्या पाहणाऱ्या प्रशिक्षकासाठी ही किरकोळ तक्रार नाही.

यावर जुना उपाय फार शहाणा होता. एफएन-फाल, म्हणजे आपल्याकडे एसएलआर म्हणून ओळखली गेलेली जात, हिच्या रेग्युलेटरमध्ये (वायूचे प्रमाण ठरवणाऱ्या भागात) जास्तीचा वायू बाहेर सोडून देण्याची सोय आहे आणि ती बारीक टप्प्यांत फिरते. बसवण्याची पद्धत कोणत्याही चांगल्या आर्मररला पाठ असते : रेग्युलेटर पूर्ण उघडा करायचा, म्हणजे सगळा वायू वाया. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडायची. बोल्ट मागे थांबला नाही तर एक टप्पा बंद करायचा, पुन्हा एक गोळी. ज्या टप्प्यावर रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट थांबतो, तो दोन-तीनदा खात्रीचा करून घ्यायचा. मग मळ आणि थंडीसाठी आणखी दोन टप्पे बंद करून तिथेच ठेवायचा. दहा-बारा गोळ्यांत रायफल तिच्या काडतुसाला जुळते. आजच्या बहुतेक रेग्युलेटरांना दोनच जागा असतात, साधी आणि सप्रेसरची, आणि ‘साधी’ हीच मुळात सढळ हाताने ठरवलेली. जवानाने लढाईत खिट्ट्या फिरवत बसू नये हा तुमचा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. पण आर्मररने कार्यशाळेत फिरवायला काय हरकत? बाहेर दोन जागा ठेवा, आत बदलता येणारे, आकडे कोरलेले जेट (ठरावीक मापाच्या छिद्राचे तुकडे) द्या.

जाता जाता, ज्या रायफली गॅसच वापरत नाहीत त्यांच्याविषयी. जर्मन जी-3 मध्ये दोन रोलर बोल्टला उशीर करायला लावतात. तिथे गॅस पोर्ट नाही, पिस्टन नाही, चेंबरमध्ये कोरलेल्या खाचांतून वायू पुंगळीभोवती फिरतो आणि तिला सैल करतो. पुंगळ्यांवर काळ्या रेघा उमटतात त्या यामुळे. झीज मोजणे तिथे इतके सोपे आहे की नव्या डिझाइनरांनी लाजावे : बोल्टचे डोके आणि कॅरियर (बोल्टला वाहून नेणारा भाग) यांमधली फट फीलर गेजने पाहायची, 0.10 ते 0.50 मिमी असली की ठीक. फट कमी झाली की मोठ्या मापाचे रोलर घालायचे. फालमध्येही हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधले काडतूस यांतली मोकळीक) वाढला तर वेगळ्या जाडीचा लॉकिंग शोल्डर (बोल्ट ज्यावर टेकतो तो तुकडा) बसवून तो मापात आणता येतो. नव्या रायफलींच्या पुस्तिकेत मात्र आम्हाला वारंवार ‘उत्पादकाशी संपर्क साधा’ एवढेच वाचायला मिळते.

अचूकतेकडे येऊ. ‘एक एमओए’ हा शब्द आता जाहिरातीचा झाला आहे. कोनाचे एक मिनिट म्हणजे 100 मीटरवर सुमारे 29 मिमी, 600 मीटरवर सुमारे 175 मिमी. हा आकडा कसा येतो? बाकावर रायफल, स्पर्धेच्या दर्जाचे 175 ग्रेनच्या गोळीचे काडतूस (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप, वरची 9.5 ग्रॅमची गोळी म्हणजे 147 ग्रेन), तीन गोळ्या, आणि काढलेल्या गटांपैकी सर्वांत चांगला गट. संख्याशास्त्र इथे निर्दय आहे. त्याच रायफलीतून, त्याच काडतुसाने, तीन गोळ्यांच्या गटाची सरासरी रुंदी 1 धरली, तर दहा गोळ्यांच्या गटाची सरासरी रुंदी सुमारे 1.6 येते. रायफल बिघडली म्हणून ती वाढली असे नव्हे. तीन छिद्रांत तिचा खरा फैलाव दिसतच नव्हता. वर सर्वांत चांगला गट निवडला की फसवणूक दुप्पट. आणि पुढे जवानाच्या हाती पडणार 147 ग्रेनची साधी बॉल गोळी, जिची स्वतःची मर्यादाच साधारण 3 ते 4 एमओए. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

वाऱ्याचा हिशेब घातला की हा एमओएचा हट्ट आणखी विनोदी वाटू लागतो. साध्या 7.62 गोळीला 4 मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा 600 मीटरवर जवळजवळ एक मीटर बाजूला नेतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज प्रति सेकंद एक मीटरने चुकला, तर पाव मीटर चूक. एक आणि दोन एमओएमधला फरक तेवढ्यातच बुडून जातो. तेव्हा पैसा कुठे घालायचा, रायफलीचा शेवटचा अर्धा एमओए मिळवण्यात की चांगल्या काडतुसात आणि वारा वाचायला शिकवण्यात? आमचे उत्तर उघड आहे.

श्रेय द्यायचे तिथे देतो. जुन्या रायफलींत झिरो टिकवणे ही डोकेदुखी होती. फालची मागची साइट खालच्या रिसीव्हरवर (यंत्रणेच्या सांगाड्याच्या खालच्या भागावर), नळी वरच्यात, दोघांमधला बिजागरीचा सांधा ढिला झाला की नेम सरकलाच. दुर्बीण बसवायची ती पत्र्याच्या झाकणावर. पट्ट्याची पुढची कडी नळीशी जोडलेली, त्यामुळे पट्टा ताणून धरला की मारा बदलायचा. एम-14 चा लाकडी दस्ता दमट हवेत फुगायचा आणि बेडिंग, म्हणजे दस्त्यातली रायफलीची बैठक, बिघडायचे. नव्या रायफलींत नळी मोकळी तरंगते, वरची रेल एकसंध असते, दुर्बीण आणि नळी एकाच तुकड्याला धरून असतात. ही खरी प्रगती आहे. फक्त एक खोट : जड बोल्ट कॅरियर पुढे येऊन आदळतो तेव्हा दुर्बिणीला उलट दिशेने दणका बसतो. मागच्या धक्क्यासाठी बनवलेली दुर्बीण या पुढच्या दणक्याने मरते. पुढच्या दणक्याचे त्वरण मोजून दुर्बीण बनवणाऱ्याला द्या. स्कार-एचच्या पहिल्या आवृत्तीत कॉकिंग हँडलही बोल्टसोबत पुढेमागे पळत असे. अंगठा किंवा भिंतीची कड मध्ये आली की गोळी अडलीच. पुढच्या आवृत्तीत ते सुधारले गेले. वापरणाऱ्यांचे ऐकले की काय होते, त्याचे हे चांगले उदाहरण.

नळीच्या लांबीबद्दल थोडक्यात. 508 वरून 406 मिमीवर आलात की 7.62 च्या गोळीचा वेग साधारण 25 ते 35 मीटर प्रति सेकंदाने घटतो. एवढ्याने आकाश कोसळत नाही. ज्वाळा आणि आवाज मात्र चांगलेच वाढतात, आणि वर सांगितलेली गॅसची खिडकी अरुंद होते. गाडीतून उतरताना आखूड रायफल सोयीची, हे मान्य. पण आखूड नळीवर 15 ते 20 सेंटिमीटरचा सप्रेसर लावणार असाल तर एकूण लांबी जुनीच झाली. मग आखूड नळीचा फायदा नेमका कोणता उरला, तो लिहून द्या. नळीतल्या आट्यांचा पीळही काडतूस पाहून ठरवा : 147 ग्रेनसाठी 305 मिमीत एक फेरा पुरतो, 175 ग्रेनसाठी 254 ते 286 मिमी लागतो.

भरवशाचा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त टोचतो, कारण इथे चुकीचा आकडा जिवावर बेततो. ‘500 गोळ्या, एकही अडथळा नाही’ असे प्रमाणपत्र जोडलेले असते. यातून काय सिद्ध होते? 90 टक्के खात्रीने एवढेच की दोन अडथळ्यांमधले सरासरी अंतर 217 गोळ्यांपेक्षा जास्त आहे. बस. 2,000 गोळ्यांचा दावा त्याच खात्रीने करायचा, तर एकही अडथळा न येता सुमारे 4,600 गोळ्या झाडाव्या लागतात, आणि मध्ये एक अडथळा आला तर साधारण 7,800. एकाच रायफलीवर नव्हे, उत्पादनाच्या ओळीतून कशाही उचललेल्या दहा रायफलींवर. आणि निम्म्या गोळ्या त्या रायफलीच्या पहिल्या 5,000 नंतरच्या, जेव्हा स्प्रिंगा थकलेल्या असतात.

चाचणीची परिस्थिती किती बारकाईने लिहायला हवी, याचा दाखला 2007 चा आहे. अमेरिकी लष्कराच्या धुळीच्या चाचणीत एम-4 कार्बाइनने 60,000 गोळ्यांत 882 अडथळे दाखवले. त्याच वर्षी आधीच्या तशाच चाचणीत ते सुमारे 300 होते. शस्त्र तेच, आकडा जवळजवळ तिप्पट. 5.56 चे का असेना, त्यातला धडा सगळ्यांना लागू आहे : एका चाचणीवरून दोन रायफलींची तुलना करू नका. फालची गोष्टही तशीच. 1953 च्या हिवाळ्यात अलास्कात तिच्यासमोर उभी राहिलेली टी-44 (पुढे एम-14 झालेली अमेरिकी रायफल) आधी थंडीसाठी खास तयार करून आणली होती, फाल नव्हती. निकाल कुणाच्या बाजूने लागला, हे सांगायला नको. पुढे वाळूतही ती अडू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी बोल्ट आणि कॅरियरवर वाळूला जागा देणाऱ्या खाचा कोरल्या आणि काम भागले. दोष रायफलीत होता, पण तो छिन्नीभर कामाने सुटणारा होता. चाचणीचा निकाल ‘पास-नापास’ एवढाच ठेवला, तर असे दोष कळतच नाहीत.

आणि काडतूस. एम-16 ची व्हिएतनाममधली दुर्दशा रायफलीच्या मूळ डिझाइनइतकीच काडतुसातली दारू बदलल्याने झाली. चाचणीनंतर बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) आली, माऱ्याचा वेग वाढला, काजळी वाढली, चेंबरला क्रोमचा थर नव्हता, तो गंजला, पुंगळ्या आत रुतल्या. ही 1966-67 ची गोष्ट आहे आणि ती अजून शिकून झालेली नाही. 6.8×51 च्या काडतुसाचा कमाल दाब सुमारे 550 मेगापास्कल, 7.62 चा 415. एवढा दाब निव्वळ पितळाचे बूड सोसू शकत नाही म्हणून त्याला स्टीलचे बूड जोडावे लागले. अशा काडतुसाने रायफल निवडायची आणि सरावाला कमी दाबाचे द्यायचे असेल, तर झिरो वेगळा, गॅस वेगळा, नळीच्या घशाची झीज वेगळी. मग जवान नेमका कोणत्या रायफलीवर शिकला? प्रायमरचेही (दारू पेटवणाऱ्या टोपीचेही) तेच. ज्या बोल्टमध्ये फायरिंग पिन मोकळी तरंगते, त्यात मऊ प्रायमरची बाजारी काडतुसे घातली तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटू शकते. पिनला स्प्रिंग द्या, किंवा कोणते प्रायमर चालणार नाहीत ते रायफलीवरच कोरा.

मॅगझिनबद्दल एवढेच, की 7.62 साठी आजही सर्वमान्य प्रमाण मॅगझिन नाही. 5.56 साठी निदान नाटोचा मसुदा होता, तोही कधी मंजूर झाला नाही, पण सगळ्यांनी पाळला. फालचेच घ्या : इंच मापाच्या रायफलीत मेट्रिक मॅगझिन चालून जाते, उलटे बसत नाही. शेजारी उभ्या दोन तुकड्या एकाच काडतुसावर लढतात आणि एकमेकांना मॅगझिन देऊ शकत नाहीत. अजून एक छोटी गोष्ट : 20 गोळ्यांनी ठासून भरलेले मॅगझिन बंद बोल्टवर एका हाताने बसले पाहिजे. बसत नाही म्हणूनच लोक मुकाट्याने 18 किंवा 19 भरतात, आणि तुमच्या कागदावर 20 राहतात.

आमच्या मागण्या अशा.

वजनाचा आकडा भरलेल्या मॅगझिनसह, दुर्बीण, सप्रेसर आणि पट्टा लावून द्यावा, सोबत तोलाचा मध्य द्यावा, आणि शेजारी सात मॅगझिनांचे वजन लिहावे. अचूकता दहा गोळ्यांच्या किमान पाच गटांवर, सरासरी त्रिज्येत (गटाच्या मध्यापासून छिद्रांच्या सरासरी अंतरात), पुरवठ्याच्या काडतुसाने मोजावी. थंड नळीची पहिली गोळी आणि शंभर गोळ्यांनंतरची तापलेली नळी यांचा सरकलेला नेम वेगळा नोंदवावा. सप्रेसर काढून पुन्हा लावल्यावर झिरो किती हलतो, तोही.

भरवशाची चाचणी दहा रायफलींवर व्हावी, गोळ्यांची संख्या आणि खात्रीची टक्केवारी दाव्याला जोडून छापावी, आणि प्रत्येक अडथळ्याचे कारण, केवळ संख्या नव्हे, नोंदवावे. चाचणीनंतर काडतुसाची दारू, प्रायमर किंवा पुंगळी बदलली, तर चाचणी पुन्हा घ्यावी. यात सवलत नको.

आर्मररला बारीक टप्प्यांत बसवता येईल असा गॅस रेग्युलेटर द्यावा. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा आणि नळी किती गोळ्यांनी बदलायच्या आणि हेडस्पेस कोणत्या मापाला नापास धरायचा, हे पुस्तिकेत छापावे. त्यासाठीचे गेज रायफलींसोबत यावेत, दोन वर्षांनी नव्हे.

धूर आणि आवाज नेमबाजाच्या नाकाजवळ आणि शेजाऱ्याच्या कानाजवळ मोजावा. मॅगझिनची मापे खुली करावीत, म्हणजे कोणालाही ती बनवता येतील.

आणि हे सगळे निकाल, न जिंकलेल्या रायफलींचेसुद्धा, जाहीर व्हावेत. गुप्त ठेवण्यासारखे त्यात काही नाही. रायफल हाती आल्यावर महिनाभरात आम्ही ते सगळे स्वतः मोजतोच.

आपले,
रायफली उघडणारे, तपासणारे आणि शिकवणारे